कोरा प्लॉट

माणसाने माणसाचा हेवा करावा हे समजू शकतं. मी एकेकाळी चिखलाच्या एका तुकड्याचा हेवा केला आहे, आणि तोही अन्न गोड लागेनासं होईपर्यंत.

तो चिखल शिवडीच्या खाडीकाठी होता, गोदामांच्या मागच्या बाजूला. तिथे कुणाला तरी मोठं आवार बांधायचं होतं. पण ती जमीन कसली, वर सुकलेली पापडी आणि खाली खोलवर काळा, श्रीखंडासारखा मऊ गाळ. वर वजन ठेवलं की ती खचणार हे सगळ्यांनाच कळत होतं. किती खचणार आणि किती वर्षं खचत राहणार, हे शोधायचं काम आमच्या माती तपासणाऱ्या कंपनीकडे आलं होतं.

गाळातलं पाणी बाहेर पडलं की गाळ बसतो, आणि एकदा नीट बसला की मग त्यावर बांधता येतं. पण गाळ पाणी सहजासहजी सोडत नाही. म्हणून त्यात उभ्या वाती सोडायच्या. कापडाची लांबच लांब नळी शिवायची, तिच्यात वाळू ठासून भरायची, पोकळ लोखंडी पाइपातून ती खोल गाळात उतरवायची आणि पाइप तेवढा वर काढून घ्यायचा. अशा वाती थोड्याथोड्या अंतरावर रोवल्या की पाण्याला लांब जावं लागत नाही. ते जवळच्या वातीत शिरतं आणि वर येतं. मग वर मुरुमाचा ढीग रचायचा आणि जमीन कशी बसते ते मोजत राहायचं.

त्यासाठी साहेबांनी शेजारीशेजारी दोन प्लॉट आखले होते. एकात वाती, दुसऱ्यात काहीही नाही. मुरुमाचा ढीग दोन्हींवर सारखाच. वातींनी नेमका काय फरक पडतो हे कळायला दुसरा प्लॉट हवाच होता. आम्ही त्याला कोरा प्लॉट म्हणायचो. साहेबांनी छत्रीच्या टोकाने दाखवलं, "तू हा बघ, तू तो बघ." वातींचा प्लॉट त्याला मिळाला आणि कोरा मला.

त्याला म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतल्या मुलाला. घोडपदेवच्या चाळीत आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत होती. शाळा एक, डिप्लोमा एक, नोकरीसुद्धा दोघांना एकाच कंपनीत लागली. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. त्यामुळे माझे बाबा आम्हाला राणीच्या बागेत नेत तेव्हा तोही बरोबर असायचा. मला भोवरा आणला तर त्यालाही यायचा. आई म्हणायची, बिचाऱ्याला कोण आहे. मी मनात म्हणायचो, मला तरी दुसरे बाबा कुठे आहेत?

बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे माग. बेमुदत संप सुरू होऊन बरेच महिने झाले होते आणि घर माझ्या पगारावर आलं होतं. त्याबद्दल घरात कुणी काही बोलत नव्हतं. पण एक गोष्ट बंद झाली होती. बाबा मला लहानपणापासून 'झिला' म्हणायचे. आमच्या मालवणीत झिल म्हणजे मुलगा. 'झिला, पाणी हाड', 'झिला, हय ये'. मी पगार आणायला लागलो आणि गिरणीचा भोंगा वाजेनासा झाला, तेव्हापासून ते मला काहीच म्हणेनासे झाले. पाणी हवं असलं तर स्वतः उठून घ्यायचे.

साइटवर वाती भरायचं काम सुरू झालं तेव्हाच बाबांचं येणं सुरू झालं. आईने त्यांना माझा डबा घेऊन पाठवलं होतं. दिवसभर भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा चार पावलं चालतील, हा तिचा बेत. काळाचौकी ओलांडून उन्हातून ते चालत आले, डबा माझ्या प्लॉटच्या कडेला एका दगडावर ठेवला आणि उभे राहिले. मी म्हणालो, "बाबा, हा माझा प्लॉट." त्यांनी बघितलं. बघण्यासारखं काय होतं? चार खुंट्या आणि सुतळी.

पलीकडे कोळीवाड्यातल्या बायका कापडाच्या नळ्यांमध्ये वाळू भरत होत्या. बाबांची नजर तिकडे गेली आणि तिकडेच राहिली. मग ते सरळ चालत तिथे गेले, खाली बसले, एक नळी उचलली आणि कापड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळलं. संपापासून त्यांच्या हाताला कापड लागलं नव्हतं, अंगावरचं सोडून.

"ह्यां कापड खंयच्या गिरणीचां?" त्यांनी विचारलं.

"गिरणीचं नाही काका, बाहेरून येतं," तो म्हणाला आणि एक आख्खी नळी त्यांच्या मांडीवर उलगडून ठेवली.

"बरां आसा," बाबा म्हणाले.

त्यानंतर ते नेमाने यायला लागले. डबा माझ्याकडे, बाबा त्याच्याकडे. नळी मध्येच उसवलेली असली तर शिवायला बसायचे. पाइप गाळात उतरताना हात कमरेवर ठेवून उभे राहायचे. मी माझ्या सुतळीच्या चौकोनापाशी डबा खाता खाता बघायचो. मला हवं तरी काय होतं? त्यांनी एकदा, स्वतःहून, माझ्या प्लॉटवर येऊन उभं राहावं. एवढंच हवं होतं, आणि दुसरं काही मला त्या वर्षात हवंसं वाटल्याचं आठवत नाही.

मी मनाची समजूत घातली की हे कापडाचं वेड आहे. वाती संपल्या की कापड संपेल आणि बाबा इकडे येतील. वाती संपल्या. मुरुमाचे ढीग चढले. आणि थोड्याच दिवसांत त्याच्या प्लॉटच्या कडेने पाणी झिरपायला लागलं. खोल गाळात कोण जाणे कधीपासून अडकलेलं खारट पाणी वातींमधून वर येऊन चरातून वाहत होतं. साहेब खूश झाले. गमबूट घातलेले पाहुणे यायला लागले, फोटो निघाले. माझ्या ढिगाजवळून पाहुणे असे जात, जसे बंद दुकानावरून जातात. एकाने तर माझ्या ढिगाला टेकून बुटातला खडा काढला.

साहेबांना माझा चेहरा दिसला असावा. ते म्हणाले, "अरे, तुझा प्लॉट नसेल तर त्याच्या प्लॉटला अर्थ काय?" म्हणजे माझं काम काय, तर मागे राहणं. ते नीट जमलं की त्याचं यश उठून दिसणार. अशी समजूत घालण्यापेक्षा त्यांनी मला एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आणि बाबा आता पाणी बघायला बसायला लागले. त्याच्या बांधावर, डोक्याला रुमाल बांधून. तो त्यांना हातवारे करून सांगायचा, वजन कसं वरून दाबतं, पाणी कसं आडवं जातं, मग वर कसं येतं. बाबा मान हलवायचे, काहीतरी विचारायचे, हसायचेसुद्धा. घरी न हसणारा माणूस तिथे हसत होता. एकदा वाऱ्यावर मला स्पष्ट ऐकू आलं, "अरे झिला, माका परत एकदा सांग बघू."

झिला. त्याला.

हातातला घास मी डब्यात परत टाकला. चरातला गाळ पाटीने काढणारी एक कोळीण शेजारून जात होती. तिनेही बघितलं होतं. कमरेवर पाटी टेकवून ती म्हणाली, "काय रं, त्यो म्हातारा तुजा बापूस हाय का त्याचा?" ती हसत गेली. तिची थट्टा होती, पण मला ती जिव्हारी लागली. 'माझा' असं मोठ्याने ओरडावंसं वाटलं होतं, आणि तोंडातून निघालं, "आमच्याच चाळीतले आहेत."

मोजायची आमची रीत अशी. ढिगाखाली, जमिनीवर लोखंडी पत्रे ठेवलेले होते आणि त्यांना जोडलेल्या सळया ढिगातून वर आलेल्या होत्या. खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस, सळीच्या डोक्यावर आकड्यांची उभी पट्टी धरायचा. लांब तिपाईवर दुर्बीण लावून आम्ही पट्टीवरचा आकडा वाचायचो. आमची दुर्बीण जुनी होती. तिच्यातून सगळं उलटं दिसायचं. सवय झाली की त्याचं काही वाटत नसे.

शिमग्याला खलाशी गावाला गेला. दुर्बिणीवर माझी पाळी होती. मी डोळा लावला तर त्याच्या प्लॉटवर पट्टी धरून बाबा उभे. मला न विचारता त्याने पट्टी त्यांच्या हातात दिली होती. डोकं खाली, पाय वर, रुमाल बांधलेला, पट्टी छातीशी सरळ धरलेली. साच्यापुढे उभे राहत असतील तसे ताठ उभे होते. मी आकडा वाचायचं विसरलो. संप सुरू झाल्यापासून बाबांना असं उभं राहिलेलं मी बघितलं नव्हतं, आणि बघितलं ते उलटं, दुसऱ्याच्या प्लॉटवर.

तरी मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. कारण त्याच्या सळया संपल्या की पुढच्या सळया माझ्या होत्या. आता येणार, पट्टी घेऊन माझ्या ढिगावर चढणार. मी दुर्बीण वळवून ठेवली, काच शर्टाने पुसली. बाबा दोन्ही प्लॉटच्या मधल्या चरापर्यंत आले. थांबले. माझ्या ढिगाकडे बघितलं. मग पट्टी त्या थट्टा करणाऱ्या कोळणीच्या हातात दिली, रुमाल सोडून तोंड पुसलं आणि घराची वाट धरली. दुर्बिणीत ती आली, उलटी, माझ्या ढिगावर, पट्टी वाकडी धरून. मी तिच्यावर उगाचच खेकसलो.

घरी जेवताना ते मला काही विचारत नसत. मग मीच सांगायचो, "आज पण माझ्याकडे काही नाही." ते ताटात बघत 'हं' म्हणायचे. आईला वाटायचं आम्ही गिरणीबद्दल बोलतोय. तिकडेही काही हलत नव्हतं.

आता जे झालं ते आमच्या धंद्यातल्या माणसांकडूनच होऊ शकतं. जमीन खाली गेली हे मोजायचं तर जवळपास एक न हलणारी खूण लागते. तिला बेंचमार्क म्हणतात. खरं तर खडकापर्यंत भोक पाडून ती बसवायची असते. पण आमचं भोक पाडायचं यंत्र दुसऱ्या साइटवर अडकलं होतं. माझ्या प्लॉटच्या कडेला एका पडक्या गोदामाचा दगडी चौथरा होता. साहेबांनी त्यावर थाप मारली, "इंग्रजांच्या काळापासून इथे आहे, आता काय हलणार?" आम्हीही एकेक थाप मारली. त्यावर रंगाने फुली काढली आणि सगळी मापं त्या फुलीवरून घ्यायला लागलो. चौथरा इतकी वर्षं हलला नव्हता हे खरंच होतं. पण इतकी वर्षं त्याच्या शेजारी कुणी मुरुमाचा डोंगर रचलाच नव्हता.

पुढे अहवाल लिहायच्या आधी साहेबांना शंका आली. शिवडी किल्ल्याच्या टेकडीवरच्या खडकावरून आम्ही पट्टीपट्टीने उंची उतरवत आणली आणि चौथऱ्यावर टेकवली. चौथरा खाली गेला होता. ज्याच्यावरून आम्ही बुडणं मोजत होतो ते स्वतःच बुडत होतं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि सगळे आकडे पुन्हा करायला सांगितले.

शेडमध्ये बसून मी आकडेमोड केली. माझा कोरा प्लॉट, ज्याच्याबद्दल मी रोज 'काही नाही' म्हणत होतो, तो बराच खाली गेलेला होता. शेजारचा चौथराही त्याच्या वजनाने खाली जात होता, म्हणून दिसत नव्हतं इतकंच. मी आकडा तीन तीनदा तपासला. मला शीळ वाजवावीशी वाटली. बाबांना सांगायचं होतं. मी आलोच म्हणून साहेबांना सांगून धावलो.

बाबा त्याच्या बांधावर बसले होते. मी दम खात म्हणालो, "बाबा, माझा प्लॉट..."

"म्हायत आसा," ते म्हणाले. "ह्येना मगाशीच सांगल्यान."

तो शेजारी चहाचा ग्लास घेऊन उभा होता. मी आकडेमोड पक्की करत बसलो होतो तेव्हा हा चहाच्या निमित्ताने बाहेर येऊन सांगून मोकळा झाला होता. वर चौथऱ्याची चूक दोन्ही प्लॉटना सारखीच लागू होती. म्हणजे माझा आकडा जेवढा वाढला तेवढाच त्याचाही वाढला होता. माझ्या वाट्याला आलेल्या त्या एवढ्याशा वाढीतही तो बरोबरीचा भागीदार होता.

बाबा घरी गेल्यावर मी त्याला गाठलं. "माझ्या प्लॉटचं मी सांगणार होतो."

"अरे, मला वाटलं काकांना बरं वाटेल. किती दिवस..."

"काका तुझे," मी म्हणालो. "बाबा माझे आहेत."

तो काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. चहाचा ग्लास विसळला, पालथा ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं आकड्यांपुरतंच राहिलं.

चाचणी संपली, ढीग उचलले गेले, पुढे तिथे आवारही झालं. गिरणीने काही लोकांना परत घेतलं, त्यांत बाबा नव्हते. ते दादरला एका सोसायटीत वॉचमन झाले. मी नोकरीत वर चढत गेलो. परळला, लालबागला गिरण्यांच्या जागी मोठे टॉवर यायला लागले तेव्हा तिथल्या मातीची नळकांडी माझ्याच टेबलावर यायची. एव्हाना मला साइटवर न्यायला गाडी यायची. बाबांना दोनदा म्हणालो, चला बघायला. ते म्हणाले, गुडघे दुखतात. तो मात्र नोकरी सोडून पनवेलला गेला, स्वतःचं काहीतरी सुरू केलं. गणपतीत यायचा, बाबांच्या पाया पडायचा, आणि बाबांचे गुडघे तेवढ्यापुरते दुखायचे थांबायचे. ते त्याला खाली नाक्यापर्यंत सोडायला जात.

बाबा गेले तेव्हा तो भेटायला आला. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. माणसं उठून गेली तरी तो बसून राहिला. आईने कोरा चहा दिला. मला वाटलं आता रडणार, आणि त्याने रडू नये असं मला फार वाटत होतं. रडायचा मान माझा होता.

तो रडला नाही. तो म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं. तेव्हाच सांगणार होतो, पण तू काका कुणाचे आणि बाबा कुणाचे ते सांगितलंस."

मी त्याचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"काका रोज आल्याआल्या मला पहिलं काय विचारायचे माहितीये? 'माज्या झिलाचो प्लॉट आज किती खाली गेलो?' पाण्याचं वगैरे नंतर. मी म्हणायचो, काका, तो समोर तर बसलाय, त्यालाच विचारा की. तर काही बोलायचे नाहीत."

"मग?"

"मग त्या शिमग्याला पट्टी दिली मुद्दाम. म्हटलं, तुझ्या ढिगावर जावंच लागेल. चरापर्यंत गेले आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, असं का केलंत. तेव्हा म्हणाले..." त्याला मालवणी धड येत नाही, पण हे वाक्य त्याने बाबांच्याच आवाजात म्हटलं. "'घर तेच्या पगारार चलता. रिकामो बापूस झिलाच्या कामार कसो उभो रवतलो?'"

आत आई भांडी लावत होती. त्याच्या बांधावर ते नुसते चाळीतले काका होते. काकांनी दुपारभर रिकामं बसलेलं चालतं. ते मला 'झिला' म्हणत होते, रोज, साइटवर पाय ठेवल्याठेवल्या. पण ते त्याच्यापाशी म्हणत होते, आणि मी तिथून हाकेच्या अंतरावर डबा खात बसलो होतो.

हे वाक्य बाबांनी तेव्हा मला सांगितलं असतं तर मी त्यांना हाताला धरून माझ्या ढिगावर नेऊन उभं केलं असतं. ते त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी ते मला सांगितलं नाही.

तो चपला घालायला वाकला आणि म्हणाला, "नाक्यापर्यंत येतोस?"

बाबा असते तर गेले असते. मी म्हणालो, "तू हो पुढे."